आबांच्या बीटावरची हवा

आमचे आबा सांगलीत पोस्टमन होते. त्याआधीची सतरा वर्षं त्यांनी फौजेत काढली होती. गाव रहिमतपूर. तिथं चुलते ऊस बघायचे, आबांच्या वाट्याचं रानही तेच कसायचे. हवालदार होऊन घरी परतल्यावर गावात नुसतं बसून राहणं आबांना जमलं नाही. माजी सैनिक म्हणून टपाल खात्यात जागा मिळाली आणि आई, आबा आणि मी असे तिघं सांगलीत बिऱ्हाड करून राहिलो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी, मी नुकतीच कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते.

आमच्या विभागात पुण्याहून आलेले एक सर होते. धूळ हा त्यांचा विषय. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी एक मोठं यंत्र बसवलं होतं. ते दिवसभर हवा ओढायचं आणि संध्याकाळी आम्ही त्यातला कागद काढून वजन करायचो. मी लागण्याआधीपासून दोन वर्षं हे चाललं होतं. मग एक दिवस सर म्हणाले, "गच्चीवर माणसं राहत नाहीत. माणूस रस्त्यानं चालताना काय ओढतो, ते बघायला पाहिजे."

त्यासाठी त्यांनी परदेशातल्या एका मित्राकडून छोटा पंप मागवला होता. जेवणाच्या डब्याएवढा, आत बॅटरी, कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. त्यातून निघालेली रबरी नळी पाठीवरून खांद्यावर यायची आणि गळ्याशी, कॉलरला चिमट्यानं बसायची. नळीच्या तोंडाशी रुपयाएवढी पांढरी गाळणकागदाची चकती. माणूस जी हवा घेतो तीच हवा पंप घेतो, धूळ चकतीवर राहते. चकती आधी तोलायची, नंतर तोलायची. इतकं साधं काम.

अडचण होती ती चालणाऱ्याची. सरांनी आधी दोन विद्यार्थ्यांना पंप बांधून पाठवलं. एक जण तीन तास हॉटेलात बसून आला. दुसऱ्यानं यंत्र बंद करून ठेवलं, कारण पोरं हसत होती. सर वैतागून म्हणाले, "रोज तोच रस्ता, त्याच वेळेला चालणारा माणूस कुठून आणायचा?"

मी बोलून गेले, "सर, माझे वडील चालतात."

घरी आबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास खाली ठेवून त्यांनी विचारलं, "वजन किती हाय?"

"सव्वा किलो."

"रायफलीपरास हलकंच की." मग थोडं थांबून म्हणाले, "पर साहेबाची परवानगी पायजे. वर्दीवर भलतं काय लावून मी न्हाई फिरणार."

आमचे सर स्वतः पोस्टमास्तरांकडे गेले. पोस्टमास्तर घाबरट पण भले गृहस्थ होते. लेखी काही देणार नाही म्हणाले. तोंडी परवानगी दिली, तीही दोन अटींवर. टपालाच्या पिशवीला यंत्र लागता कामा नये आणि मी टपालाला हात लावता कामा नये. मी बरोबर जायचं होतं, कारण चकत्या बदलायच्या होत्या. आबांच्या बीटाचे, म्हणजे टपाल वाटायच्या त्यांच्या ठरलेल्या फेरीचे, आम्ही तीन टप्पे केले होते. पहिला एस.टी. स्टँडच्या भोवतालचा, दुसरा हळदीच्या वखारींच्या गल्लीचा, तिसरा नदीकडच्या आळीचा. प्रत्येक टप्प्याची चकती वेगळी. एका दिवसात काट्याला कळेल एवढी धूळ जमायची नाही, म्हणून तीच चकती आठवडाभर वापरायची. असे दोन आठवडे ठरले.

फाल्गुन संपत आला होता, हळदीचा हंगाम भरात होता. सोमवारी सकाळी मी आबांच्या कमरेला पंप बांधला, कॉलरला नळी लावली. आबा छाती काढून उभे राहिले, परेडला उभं राहावं तसे. पंप भुंग्यासारखा गुणगुणायला लागला.

"आता तू धा पावलं मागं ऱ्हायचं," आबा म्हणाले. "डूटीवर माझ्यासंगं बोलायचं न्हाई."

तेवीस वर्षांच्या आयुष्यात मी आबांना काम करताना तोवर कधी पाहिलं नव्हतं. फौजेत होते तेव्हा ते वर्षातून एकदा घरी येणारे पाहुणे होते आणि नंतर सकाळी जाणारे, संध्याकाळी येणारे आबा होते. आता हातात वही आणि मनगटावर घड्याळ घेऊन मी त्यांच्या मागून चालत होते. कुठल्या घराला जिना आहे, कुठलं कुत्रं बांधलेलं नसतं, कुठल्या म्हातारीला पत्र वाचून दाखवावं लागतं, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं. मनीऑर्डर द्यायची असली की आधी माणसाला बसायला सांगत. पत्र आलेलं नसलं तर लांबूनच मान हलवत, म्हणजे दारात आशेनं उभ्या असलेल्या बाईला उगीच थांबावं लागू नये.

लोक विचारायचे, "पोस्टमन, ह्ये काय, रेडू हाय का?"

"हवा मोजायचं मशीन हाय."

"हवा मोजून काय करता?"

"त्ये लेकीला इचारा," असं म्हणून आबा पुढं जायचे. मी मागं राहून समजावायला लागले की पुढचा पत्ता हुकायचा, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मीही नुसतं हसून पुढं जायला शिकले.

स्टँडजवळ गाड्यांचा काळा धूर, भट्टीवाल्यांच्या लाकडांचा धूर. तिथून वखारींच्या गल्लीत वळलं की रंगच बदलायचा. तिथं जाळीचे लांबोळे ढोल असायचे. त्यांत वाळलेली हळकुंडं घालून ते गरागरा फिरवत, म्हणजे वरची साल घासून निघे आणि हळद चकचकीत होई. ती घासलेली साल पिवळट धूळ होऊन सगळ्या गल्लीवर बसे. भिंती, बैलांच्या पाठी, हमालांच्या भुवया, सगळं पिवळं. बाया पदर नाकावर बांधून ढोलाखालची पूड भरत असायच्या. आबांचं सगळ्यात जास्त टपाल याच गल्लीत होतं, व्यापाऱ्यांचं. एका पेढीतून दुसऱ्या पेढीत जाता जाता पाऊण तास सहज जाई.

वहीत मी सगळं लिहीत होते. कुठं पोचलो, किती वाजले, थांबलो तर किती मिनिटं, का थांबलो. शेवटच्या रकान्यात मी 'मनीऑर्डर', 'रजिस्टर', 'पत्र वाचणे' असं लिहायची. गल्ली संपली की एक जुना हौद होता. हौदाच्या कठड्याशी आबा रोज थांबत. हातात पत्रांचा गठ्ठा धरून मान खाली घालून उभे राहत. मी लिहिलं होतं: 'हौद, सहा मिनिटे, चिठ्ठ्या लावणे.' दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सात.

गुरुवारी संध्याकाळी सर माझी वही बघत होते. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "या हौदापाशी पत्ते किती आहेत?"

"एकही नाही, सर."

"मग रोज पाच-सात मिनिटं?"

"चिठ्ठ्या क्रमानं लावतात," मी म्हणाले आणि म्हणता म्हणताच मला आठवलं. आबा चिठ्ठ्या पोस्टातच लावून निघत. बीटावर निघण्याआधी तासभर तेच काम चाले. ते मी स्वतः खिडकीतून रोज बघत होते.

सरांनी वही मिटून माझ्याकडे दिली.

शुक्रवारी मी दहा पावलांचा नियम मोडला. आबा हौदाशी थांबले तेव्हा मी अगदी जवळ, त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांच्या हातातलं वरचं पाकीट उलटं होतं. ते वाचत नव्हतेच. खांदे वर उचलून, तोंड किंचित उघडं ठेवून ते श्वास ओढत होते आणि दर श्वासाला गळ्याजवळची कातडी आत जात होती. ओठ जांभळट दिसत होते. मला काय करावं कळेना, म्हणून मी सवयीनं घड्याळाकडे बघून त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला छत्तीस भरले. निरोगी माणसाचे साधारण त्याच्या निम्मे भरतात.

माझी सावली पडली तसं त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ बोलता येईना. मग म्हणाले, "वहीत काय लिवतीस?"

"हौद. सहा मिनिटं."

"आन का थांबला, त्ये?"

"त्याला रकाना आहे, आबा."

"मग लिव की, चपलेत खडा गेला."

"आवं आबा, कवापासनं होतंय हे?"

त्यांनी पाकिटं सरळ केली. "दोन वर्सं झाली आसतील. आदी गल्ली चढताना व्हायचं, आता सपाटीवर बी व्हतंय. घटकाभर थांबलं की जातंय. तुज्या आईला सांगू नगंस. पोस्टात तर आजाबात न्हाई. अनफिट केलं तर घरात बसून काय करू मी?"

मी रकान्यात 'चिठ्ठ्या लावणे' असंच लिहिलं. आता ते खोटं आहे हे ठाऊक असताना लिहिलं. शनिवारीही लिहिलं. प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वहीत खाडाखोड चालेल, खोटं चालणार नाही. शनिवारी दुपारी पहिल्या आठवड्याच्या चकत्या तोलायला बसले तेव्हा एकच चकती तीनतीनदा तोलत राहिले. सर समोर येऊन उभे राहिले. मी सगळं सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "चूक माझी आहे. माणूस निवडताना मी त्याच्या पायांचा विचार केला, छातीचा केला नाही." मग म्हणाले, "हे इथंच थांबवू. आजारी माणसाच्या कमरेला ओझं बांधून मला आकडे नकोत."

हे मी आबांना सांगितलं तर ते भडकले. "दोन आठवड्यांचं काम हाय आन एका आठवड्यात सोडायचं? माज्या नावानं अर्दं काम नगं. तुज्या सायबाला सांग, मी पुरं करणार."

सर आमच्या घरी आले. आमच्या खोलीत खुर्ची एकच होती. ती त्यांनी घेतली नाही, चटईवर आबांच्या समोर बसले. बोलणी बराच वेळ झाली. शेवटी ठरलं की मिरजेच्या एका डॉक्टरांना दाखवायचं आणि ते हो म्हणाले तरच दुसरा आठवडा करायचा. आई चहा घेऊन आत आली ती नेमकी 'डॉक्टर' या शब्दाला. तिनं कपबश्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "कुणाला दाखवायचं?"

मग मीच सांगितलं. सर गेल्यावर आई मला म्हणाली, "तुला कवा कळलं?"

"परवा."

"परवा कळलं आन दोन दिस तू माज्या शेजारी जेवलीस." त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. आजही आठवलं की मला ते बरोबरच वाटतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फिल्म खिडकीला धरून खूप वेळ पाहिलं.

"विडी, सिगारेट?"

"न्हाई."

"कधीच नाही?"

"फौजेत रम मिळायची, ती बी वाटून टाकायचो."

डॉक्टर हसले, पण पुन्हा फिल्मकडे बघताना त्यांचा चेहरा उतरला. फुप्फुसांची लवचिकता गेली आहे, गेलेली परत येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. कशानं झालं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "एकच कारण मी सांगू शकणार नाही. लहानपणी चुलीचा धूर असेल, बर्फातली ठाणी असतील, न्यूमोनिया होऊन गेला असेल. धूळ असेल. सगळंही असेल." मला एकच नाव हवं होतं. दोष देता येईल असं एखादं. ते मिळालं नाही. हलकं चालायला त्यांनी मनाई केली नाही. दमलं की थांबा, एवढं म्हणाले. आबांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

दुसरा आठवडा आम्ही पुरा केला. या वेळी पंप मी माझ्या कमरेला बांधला आणि आबांच्या कॉलरपर्यंत पोचणारी लांब नळी सरांनी जोडून दिली. म्हणून मला त्यांच्यापासून हातभर अंतरावर चालावं लागे. आम्हाला पाहून गल्लीतले हमाल हसायचे. "लेकीनं बापाला दावं लावलंय," असं कुणीतरी म्हणालं. आबांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "लावलंय तर लावलंय." हौदाशी ते थांबत तेव्हा मीही थांबे. रकान्यात 'विश्रांती' लिही. मागच्या आठवड्यातल्या जुन्या नोंदी मी एका रेघेनं खोडून, सही करून, बाजूला तेच लिहिलं.

शेवटच्या शनिवारी सरांनी आबांना प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर पांढरा कागद पसरून तीन चकत्या मांडल्या. स्टँडची काळपट होती. नदीकडच्या आळीची जेमतेम मळकी. वखारींच्या गल्लीची चकती गडद पिवळी, जाड दिसत होती. बाकीच्या दोन्ही मिळून जितकी धूळ, त्याहून कितीतरी जास्त तिच्या एकटीवर होती.

आबा वाकून बघत राहिले. "ह्ये समदं माज्या छातीत?"

"सगळं नाही," सर म्हणाले. "जाड धूळ नाकात-घशात अडकते. बारीक असते ती खाली जाते."

"बारीक किती?"

"ते या यंत्राला कळत नाही."

आबांनी मान हलवली. "मग आता मी काय करू, सायब? चिठ्ठ्या तर त्याच गल्लीला हायत."

सर पिवळी चकती उचलून बघायला लागले. तेवढ्यात आबाच पुढं म्हणाले, "आन मी तर पाऊण तास असतो. त्या बाया सकाळधरनं सांजपातुर हायत. त्यांला न्हाई का लावायचं मशीन?"

सर त्यानंतर दोन वखारमालकांकडे गेले. एकानं चहा पाजून नाही म्हटलं, दुसऱ्यानं चहा न पाजता. हे सरकारी तपासणीचं काम असणार अशी त्यांची खात्री होती. बायांना आम्ही विचारलं तर त्या म्हणाल्या, मालक म्हणंल तसं. त्या बायांच्या गळ्याशी नळी कधीच लागली नाही. आमच्या अहवालात त्यांचा उल्लेख एका ओळीचा आहे, तोही 'परिसरातील कामगार' असा. त्या ओळीची मला लाज वाटते.

माझ्या हातून एवढंच झालं. ढोल दहाच्या पुढं सुरू होतात हे हमालांकडून कळलं होतं आणि वहीतल्या वेळा पुन्हा पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की आबा गल्लीत अकराला शिरतात. बीटाचा क्रम बदलला, पोस्टातून निघून आधी गल्लीत गेलं, तर ढोल फिरायला लागायच्या आत आबा बाहेर पडतील. पोस्टमास्तरांना मी हे सांगायला गेले तेव्हा आबांच्या छातीचं नाव काढलं नाही. व्यापाऱ्यांना टपाल लवकर मिळेल, असं म्हणाले. हे खोटं नव्हतं. ते खूश झाले. स्टँडजवळच्या लोकांनी आठ दिवस कुरकुर केली, मग त्यांना सवय झाली.

नव्या क्रमानं एक आठवडा मी पुन्हा पंप घेऊन आबांबरोबर चालले. गल्लीची चकती फिकट निघाली. ती घेऊन मी घरी गेले आणि आईला दाखवली. तिनं चष्मा लावून पाहिली, पुसल्यासारखं बोट जवळ नेलं आणि मागं घेतलं. "बरं झालं," म्हणाली. हौदाशी थांबणं मात्र संपलं नाही. आबांनी ते आता लपवणं सोडलं. कठड्यावर रुमाल टाकून बसायचे.

आणखी तीन वर्षं त्यांनी बीट केलं. नंतर जमेना. रहिमतपूरला गेले, चुलत्यांच्या रानातल्या खोपीसमोर बाजेवर बसून असायचे. शेवटच्या थंडीत उशा पाठीला लावून बसूनच झोपावं लागायचं. मी रजा घेऊन जायची. एकदा त्यांनी मला विचारलं, "त्या कागदात माजं नाव हाय का गं? त्या सायबाच्या?"

मी खरं सांगितलं. "नाही आबा. 'एक टपालवाहक, वय अठ्ठेचाळीस' असं आहे."

"वय बराबर लिवलंय," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. हसत होते की काय, मला नीट कळलं नाही. महिन्याभरात ते गेले. आई रहिमतपूरलाच राहिली.

पुढं एकदा कामानिमित्त मी सकाळी नऊच्या सुमाराला त्या गल्लीतून जात होते. ढोल अजून थांबलेले होते. एक तरुण पोस्टमन पेढीच्या पायऱ्या चढत होता. मी त्याला विचारलं, "तुमचं बीट इथूनच सुरू होतं का?"

"व्हय. आधी ही गल्ली, मग स्टँड, मग नदीकडं."

"असं का?"

त्यानं खांदे उडवले. "काय म्हाईत. मला असंच शिकवलंय. आवं बाई, घाईत हाय जरा." आणि तो पुढच्या पेढीकडे गेला.